लोहकीस आणि गंधक

७ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाला. पिल्लू अगदी तुझ्या नवऱ्यावर गेलंय. त्याला काही इलाज नाही, मोठं झाल्यावर सुधारेल. हे जावईबापूंना वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, ते बिचारे हसतील.

तुझी रजा संपत आली, तू कामावर रुजू झालीस की मी तिकडे राहायला यावं, आणि पाहुणी म्हणून नाही तर कायमचं, असं तू लिहिलं आहेस. माझी खोली रंगवूनही झाली म्हणे. वाचून बरं वाटलं गं. पण सहामाही तोंडावर आली आहे. आठवी-नववीचे चार वर्ग माझ्याकडे, शिवाय प्रयोगशाळेतलं कपाट पावडरींच्या बाटल्यांनी गच्च भरलंय, आणि त्यातल्या निम्म्यांची लेबलं गळून पडली आहेत. पांढऱ्या पावडरी सगळ्या एकसारख्या दिसतात. हे सोडून एकदम निघायचं कसं? तेव्हा सध्या तरी नाही. राग मानू नकोस.

एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन करायचा, असं तू म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस. पत्रात मला माझं वाक्य पुरं करता येतं.

चांदीच्या चमच्याचं विचारलंस. अंड्याला लागून काळा पडला तो. अंड्यात गंधक असतं, आणि चांदीचं आणि गंधकाचं फार जमतं. जमलं की दोघं मिळून तिसरंच काहीतरी होतात, काळं. ती घाण नव्हे, म्हणून घासत बसू नकोस, चांदी झिजेल. एका भांड्यात अॅल्युमिनियमचा कागद अंथर, त्याला टेकवून चमचा ठेव, वर खायचा सोडा घाल आणि कढत पाणी ओत. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमच्या मागे लागेल. थोडा घाण वास येईल, तेव्हा खिडकी उघडी ठेव.

आणि हो, पिल्लाच्या टाळूला कसलासा वास येतो, तो कसला ते येऊन तूच ओळख, असं लिहिलंयस. दुधाचा असेल. तान्ह्या मुलांना येतोच तो, तुलाही यायचा.

तब्येत उत्तम आहे. मागे ती लांबलेली सर्दी झाली होती, ती गेली. काळजी नसावी.

तुझी,
आई


२६ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

सहामाही झाली की ये, असं तू लिहिलंस. सहामाही झाली की पेपर तपासायचे असतात, हे तू विसरलीस, आणि शिक्षिकेच्या मुलीनं हे विसरावं म्हणजे कमाल आहे. लहानपणी माझ्या मांडीवर बसून तू लाल पेन्सिलीनं कितीतरी मुलांना नापास केलंयस.

"आई, ही कारणं तू नक्की कुणाला सांगतेयस?" असं शेवटी विचारलं आहेस. तुलाच सांगतेय, आणखी कुणाला? घरात दुसरं आहे कोण?

खरं सांगायचं तर मला थोडी धास्तीही वाटते. मिश्रण म्हणजे काय ते तू शाळेत असताना मी तुला शिकवलंय. दोन पदार्थ एकत्र असतात, पण आपापले गुण सोडत नाहीत. साखरेत वाळू मिसळली तरी साखर गोडच आणि वाळू कचकचीतच. तुमच्या घरी मी आले की तसंच होईल. मी पहाटे उठून भांडी वाजवणार, जावईबापू रविवारी दहापर्यंत झोपणार, आणि तुला दोन्हीकडून कचकच लागणार. आपल्या दोघींची गोष्ट वेगळी होती. तुझे बाबा गेल्यावर आपण दोघी जे एक झालो ते चाळणीनं आणि गाळणीनं वेगळं होणारं प्रकरण नव्हतं. तुला माझ्यापासून काढून न्यायला जावईबापूंना बरंच तापावं लागलं होतं, आठवतं का?

हे मी गमतीनं लिहितेय.

शेजारची शिवणवाली तुला फोन करून काहीबाही सांगेल, म्हणून मीच आधी सांगते. परवा दूध आटून भांडं जळालं. मी पुढच्या खोलीत वह्या तपासत होते, दार उघडं होतं. ती धावत आली नि ओरडली, "अहो बाई, घरभर धूर झालाय, तुम्ही बसलाय काय नुसत्या?" धूर झाला होता खरा, मान वर केल्यावर मलाही दिसला. भांडं फेकून दिलं. ती उगाच राईचा पर्वत करते. हल्ली तर ती संध्याकाळी एकदा डोकावून जाते, "काही ठेवलं नाही ना गॅसवर?" म्हणून. जणू मी सहा वर्षांची आहे.

तिच्याशिवाय संध्याकाळी कुणी येत नाही. शाळेतून आले की चहा ठेवते. चहाचं म्हणशील तर गरम आणि गोड लागतो, बाकी हल्लीची पावडर अगदीच टाकाऊ येते. दुकान बदलून पाहिलं, उपयोग झाला नाही. दूध मात्र मी आता रोजच्या रोज ताजं घेते, उरलेलं ओतून देते. कालचं दूध मला नको वाटतं.

एकदा नाक-कान-घसावाल्या डॉक्टरांकडे जाऊन आले, त्या जुन्या सर्दीसाठी. तरुण आहेत, घाईत असतात. म्हणाले, वाट पाहू.

पिल्लाला दात येताहेत का? चिडचिडा झालाय म्हणतेस म्हणून विचारलं.

तुझी,
आई


१५ ऑक्टोबर

खारे,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. बाळाला सांभाळायला बाई ठेवलीस, तिला अनुभव आहे, ती सोमवारपासून यायला लागली. चांगलं केलंस.

"तुझी प्रयोगशाळा तुला लखलाभ." हे वाक्य मी परत परत वाचलं. मुलीनं आईला लिहावं असं ते वाक्य नाही, पण मी तुला दोष देणार नाही. राग नाकावर असण्याचं तू माझ्याकडूनच घेतलंयस, बाबा तर कधी आवाजसुद्धा चढवत नसत.

एकच सांगते. मला यायचं नाही असं नाही. प्रयोगशाळा मला तुझ्याहून किंवा त्याच्याहून प्यारी आहे, असं तर मुळीच नाही. पण यायला जमणार नाही, आणि का ते मला आज लिहिता येत नाही. दोनदा लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं.

तुमच्या त्या बाईंना म्हणावं, त्याला एका कुशीवर फार वेळ निजवू नका.

आई


२ नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

हे पत्र मोठं होणार आहे. बाळ झोपल्यावर सावकाश वाच.

काल नववीच्या वर्गात जे झालं ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

लोहकीस आणि गंधकाचा प्रयोग तुला माहीत आहे. मी तो इतकी वर्षं केलाय की झोपेतसुद्धा करीन. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड नुसती एकत्र केली तर ते मिश्रण. लोहचुंबक फिरवला की लोखंड उठून त्याला चिकटतं, गंधक मागे राहतं. तेच परीक्षानळीत घालून तापवलं की आतून लालभडक होतं, दिवा बाजूला केला तरी ती लाली आपली आपण पुढे सरकते, आणि निवल्यावर एक काळा खडा उरतो. त्याला कितीही लोहचुंबक दाखवा, तो ढिम्म हलत नाही. ते संयुग. त्यात लोखंडही आहे आणि गंधकही, पण लोखंडाचं लोखंडपण गेलं आणि गंधकाचं गंधकपण.

शेवटी दोन्हींवर विरल आम्ल घालायचं. मिश्रणावर घातलं की लोखंडातून हायड्रोजन निघतो, त्याला वास नसतो. संयुगावर घातलं की सडक्या अंड्यांचा भपकारा सुटतो. मुलं नाकं दाबतात, खिदळतात, कुणीतरी शेजारच्याकडे बोट दाखवतं, आणि हा धडा जन्मात विसरत नाहीत. म्हणून मी तो शेवटी ठेवते.

दोन्ही नळ्या मी आदल्या तासाला भरून स्टँडमध्ये लावल्या होत्या. डावीकडे मिश्रण, उजवीकडे संयुग, हा माझा नेहमीचा क्रम. मधल्या सुट्टीत शिपाईमामांनी टेबल पुसलं आणि स्टँड परत ठेवताना तो उलटा ठेवला गेला. त्यांची काही चूक नाही. मिश्रण पिवळट राखाडी असतं आणि संयुग काळं, एक नजर टाकली असती तरी कळलं असतं. पण पाठ झालेल्या गोष्टीकडे कोण बघतं? मी मुलांकडे बघत होते. मनात तुझं ते लखलाभचं वाक्य होतं.

डावीकडच्या नळीत आम्ल ओतलं. फसफसलं. मी शिकवते तसं, नाक नळीवर न नेता, हातानं वारा नाकाकडे घेतला, चांगला दोनदा घेतला आणि म्हटलं, "बघा. वास येतोय का काही? नाही. हा हायड्रोजन. लिहून घ्या, वास नाही."

मला वाटलं, आज वर्ग किती शांत आहे. पाहते तर सगळ्यांनी डाव्या हातानं नाकं दाबलेली, उजव्या हातानं लिहिताहेत. काय लिहिताहेत? वास नाही! बाईंनी सांगितलं म्हणून. एक मुलगा खिडकीकडे तोंड करून खोकत होता, आणि खोकून झाल्यावर त्यानंही लिहिलं.

मी विचारलं, "नाकं कशाला दाबताय रे? अजून वेळ आहे त्याला."

मागून दोघं-तिघं म्हणाली, "काही नाही बाई."

तेव्हा पहिल्या बाकावरची ती चष्मेवाली, जी कधी हात वर करत नाही, ती उठून उभी राहिली. "बाई, खूप घाण वास येतोय. सगळ्यांना येतोय." मग तिनं अगदी हळू विचारलं, "तुम्हाला नाही येत?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग तेही थांबलं. खारे, मुलं हसली असती तर मला चाललं असतं. ती माझ्याकडे ज्या तऱ्हेनं बघायला लागली ते मला चाललं नाही. आजारी माणसाकडे बघतात तसं बघत होती.

मी खिडक्या उघडायला लावल्या, नळी पाण्यात बुडवली आणि सगळ्यांना मैदानावर पाठवलं. तो वायू विषारी असतो. थोडा असेल तर नुसता घाण वासाचा, जास्त असेल तर जीव घेणारा. वास हीच त्याची सूचना. मी त्या सूचनेच्या अगदी पुढ्यात उभी राहून मुलांना म्हणत होते की काही नाही.

तर हे असं आहे. मला वास येत नाही. त्या मोठ्या सर्दीनंतर गेला तो गेलाच. आधी वाटलं नाक चोंदलंय. मग एक दिवस कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आलं आणि बाकी काहीच आलं नाही. मी तो अर्धा कांदा नाकाशी धरून कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी होते. मग कापूस आणून त्यावर अमोनिया घेतला. नाकात सुई टोचल्यासारखं झालं, पण ते टोचणं होतं, वास नव्हता. डॉक्टर म्हणाले की वासाची नस दुखावली आहे, कधी परत येतो, कधी येत नाही. चव म्हणशील तर खारट, गोड, आंबट, कडू एवढंच कळतं. चहाच्या पावडरीचा दोष नव्हता.

आता तुझ्या पत्राकडे येते. तुझं बोलावणं यायच्या थोडे दिवस आधी मी शाळेतून घरी आले, पर्स ठेवली, स्वयंपाकघरात गेले, चहाचं भांडं ठेवलं आणि काडेपेटी हातात घेतली. शिवणवालीनं बाहेरून दार बडवलं. "बाई, काडी ओढू नका! जिन्यात गॅसचा वास येतोय!" सकाळी मी खटका अर्धवटच बंद केला होता. दिवसभर गॅस घरात साचत होता, आणि मी त्यात उभी राहून काडी काढत होते. ती शिवलेले कपडे द्यायला जिना उतरत होती म्हणून मी हे पत्र लिहितेय.

तुला ठाऊक आहे का, त्या गॅसला मुळात वास नसतो. त्यात मुद्दाम एक घाणेरड्या वासाचं द्रव्य मिसळतात, तेही गंधकाचंच भावंड. संयुग होत नाही, नुसतं मिश्रण. सगळ्यांना कळावं म्हणून ही सोय केलेली असते. मुलांना मी हे दरवर्षी सांगते आणि म्हणते, बघा, किती विचार केलाय. त्या दिवशी मी ओट्यापाशी बसले आणि वाटलं, या विचारातून मी वगळले गेले.

आणि मग तुझं पत्र आलं. तू कामावर जाशील, जावईबापू जातील, आणि घरात मी आणि ते पिल्लू. त्याचं दूध नासलेलं असलं तर मला कळणार नाही. त्यानं शी केली तर तो रडेपर्यंत कळणार नाही. काही जळायला लागलं तर दिसेपर्यंत कळणार नाही, आणि गॅस तर दिसतही नाही. तिकडे जिन्यातून उतरणारी शिवणवाली नाही. रंगवलेल्या खोलीचं वाचलं आणि मी ठरवलं की नाही म्हणायचं.

खरं का सांगितलं नाही? कारण तू "ये" म्हणाली होतीस ती आपल्या आईला. बाळाला सांभाळणाऱ्या, तुला सांभाळणाऱ्या. खरं कळल्यावर तू पुन्हा "ये" म्हणालीच असतीस, पण ते दुसऱ्याच कुणाला म्हटलेलं असतं, जिच्यावर लक्ष ठेवायला लागतं अशा कुणाला. एका घरात दोन तान्ही कशाला? फोन मी यासाठीच केला नाही. फोनवर माझी थाप तुला पहिल्या शब्दात कळते.

त्याच्या टाळूचा वास दुधाचा असेल असं मी लिहिलं. मला माहीत नाही कसला आहे. मला तो कधीच कळणार नाही. या एका गोष्टीसाठी मी रडले, बाकी कशासाठीही नाही.

आपण नाकावरून किती बोलतो गं! नाक वर करून चालायचं, नाकानं कांदे सोलायचे, सगळीकडे नाक खुपसायचं. नाक शाबूत असताना मी तिन्ही केलं.

आता तुला कळलं. तुमच्या बाई चांगल्या आहेत, त्यांनाच ठेव.

तुझी,
आई


२४ नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

तुझं उत्तर नाही. पोस्टाचा उशीर असेल किंवा तुला वेळ नसेल. उत्तराची घाई करू नकोस. खरं तर ते पत्र पाठवायला नको होतं. तू तिकडे नोकरी, बाळ, घर सांभाळतेयस, त्यात हे एक नसतं ओझं.

इकडची हकीकत. मी दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. मुलांच्या तोंडून त्यांच्या कानावर आलंच होतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि अगदी सांभाळून बोलल्या. "तुम्ही वर्गात शिकवा, बाई. पुस्तक तुमच्यासारखं कुणी शिकवत नाही. प्रयोग मात्र आता भौतिकवाल्या सरांकडे देऊ." त्यांचं बरोबर आहे, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. प्रयोगशाळेची किल्ली मी त्यांच्या टेबलावर ठेवली. इतकी वर्षं पर्समध्ये तिचं वजन होतं, आता पर्स उचलताना दर वेळी वाटतं की काहीतरी विसरलं.

मामांना फार लागलं. स्टँड आपण उलटा ठेवला म्हणून हे झालं, असं त्यांनी मनात धरलंय. मी म्हटलं, "मामा, तुम्ही नसता ठेवलात तर मी अजून वर्षभर थापा मारत राहिले असते आणि एखाद्या पोराला काही झालं असतं." ते मान हलवतात, पण पटत नाही त्यांना. रोज मला स्वतः येऊन चहा देतात आणि विचारतात, "आज काही कळतंय का, बाई?" मी म्हणते, "गरम कळतंय."

मी वर्गात फळ्यावर लोखंड अधिक गंधक लिहिते, बाण काढते, वर उष्णता लिहिते. भिंतीपलीकडे सरांच्या तासाला मुलं एकदम ओरडतात, खिदळतात, तेव्हा समजतं की नळीत आम्ल पडलं. माझी मुलं भिंतीकडे बघतात. मी पण.

घरी मी आता दोनदा आंघोळ करते, आणि कपडे एकदा घातले की धुवायला टाकते. आपल्याला घामाचा वास येत असेल आणि कुणी भिडेपोटी बोलत नसेल, अशी धास्ती वाटत राहते. कुणाला विचारणार? माणूस एकटं राहतं तेव्हा आपला वास सांगायलाही कुणी नसतं. शिवणवालीला एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "साबणाचा येतो हो, फार साबणाचा." मग आम्ही दोघी हसलो. त्या दिवशी तेवढंच हसले.

घर मुकं झाल्यासारखं वाटतं. पूर्वी दार उघडलं की आपलं घर आहे हे आधी नाकाला कळायचं आणि मग डोळ्यांना. आता कुलूप काढते आणि एखाद्या चांगल्या स्वच्छ दवाखान्यात शिरल्यासारखी आत शिरते.

तू लहान असताना विचारायचीस, संयुग झालं की ते परत वेगळं करता येतं का? मी म्हणायची, येतं, पण चाळणीनं आणि लोहचुंबकानं नाही, पुन्हा रासायनिक बदलच करावा लागतो, आणि त्याला कष्ट पडतात. हे मला कशावरून आठवलं कुणास ठाऊक. मी हल्ली असं मध्येच काहीही आठवत बसते.

पिल्लू बसायला लागलं का? निदान तेवढं कळव. एका ओळीचं पत्र चालेल.

तुझी,
आई


११ डिसेंबर

प्रिय खारूताई,

तुझं पत्र आज शाळेच्या पत्त्यावर आलं. मामांनी वर्गात आणून दिलं. मी मुलांना पाठ्यपुस्तकातलं पान मनात वाचायला सांगितलं आणि टेबलापाशी उभी राहून पाकीट फोडलं. मला वाटलं होतं की चांगलं जाडजूड रागाचं पत्र असेल. तेवढी माझी तयारी होती.

तू लिहिलंस ते मी इथे उतरवते, कारण मला ते माझ्या हातानं लिहावंसं वाटतंय.

"आई, तीन आठवडे मी तुझ्यावर इतकी चिडले होते की पेन हातात धरवत नव्हतं. मग चिडणं संपलं. घरातला गॅस काढून टाकला. विजेची शेगडी आणली. दूध तापवून झालं की ती आपली आपण बंद होते, तुझ्या जावयानं तीन वेळा करून पाहिलं. बाळाची बाई राहणार आहे, तिला मी सोडणार नाही, आणि तिचं नाक शिकारी कुत्र्यासारखं आहे. तू बाळाला सांभाळायला यायचं नाहीस. त्याला आजी हवी आहे म्हणून यायचंस, आणि मला आई हवी आहे म्हणून. तो बसायला लागला. आता तुझ्याकडे दुसरं कुठलं कारण असेल तर ते ताबडतोब लिहून कळव, म्हणजे मी तेही काढून टाकीन."

मी एवढं वाचलं आणि खुर्चीत बसले. पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठून जवळ आली आणि विचारलं, "बाई, काय झालं?"

मी म्हटलं, "माझ्या मुलीनं घरातला गॅस काढून टाकला."

तिला काय कळणार? पण ती शहाणी मुलगी आहे. "मग बरं झालं ना?" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

दुपारी मोठ्या बाईंना भेटले. सत्राच्या शेवटी मला मोकळं करतील. शिवणवालीला सांगितलं तर तिनं आधी डोळ्यांना पदर लावला आणि मग विचारलं की तुमची ती लोखंडी खाट मला देता का. दिली.

खारे, मी कारण शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. सवयच लागली आहे. संध्याकाळी खिडकीपाशी बसून एकेक आठवून पाहिलं. एकही उरलं नाही.

मी येते.

तुझी,
आई